वरचा फलाट

गेल्या महिन्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या टेकफेस्टमध्ये दुर्बोध कोडच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो आणि चिडून कोपरला परतलो. पहिल्या क्रमांकाचा प्रोग्राम तयार साधनातून काढलेला. चलांची नावे म्हणजे शून्ये आणि इंग्रजी 'ओ' यांची माळ, आत दोन संख्यांची बेरीज. कुलूप भक्कम, खोली रिकामी!

सी भाषेतली अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासूनची. तिच्यातले माझे दैवत म्हणजे ब्रायन वेस्टलीचा १९८८ चा प्रोग्राम. अधोरेषा आणि वजाचिन्हांनी रेखलेले नुसते वर्तुळ दिसते. चालवला की ३.१४१ छापतो. कारण ते चित्र हीच आकडेमोड आहे. चिन्हे मोजून क्षेत्रफळ मिळते, ओळी मोजून व्यास. मग क्षेत्रफळाची चौपट भागिले व्यासाचा वर्ग. π (पाय) अधिक अचूक हवा? मोठे वर्तुळ काढा. (आजच्या कंपाइलरला तो जुन्या वळणाने वाचायला सांगावा लागतो, नाहीतर ०.२५० येते.) सगळे उघड्यावर मांडलेले, तरी पटकन दिसत नाही.

बारामतीच्या मोरोपंतांची जात हीच. निरोष्ठ रामायणात ओठ जुळवणारी अक्षरे वर्ज्य, म्हणजे 'म' नाही, म्हणजे रामायणात 'राम' म्हणायची सोय नाही! स्वतःवर असे बंधन घालून घेणाऱ्याचीच दुर्बोधता मला चालते.

त्याच स्पर्धेत प्रोग्राम म्हणून आलेली १९९४ ची शून्य बाइटांची रिकामी फाइल एकदाच हसवते. साळसूद कोडमध्ये खोट दडवण्याची, २००५ मध्ये सुरू झालेली स्पर्धा पोलिसांच्या कामाची.

आपल्याकडे काय? टर्बो सीच्या निळ्या पडद्यासमोर, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' मांडीवर घेऊन आमची पिढी वाढली. 'आउटपुट सांगा' हा आमचा लाडका खेळ होता. त्याचेच पुढे तोंडी परीक्षेतले हत्यार झाले. 'आय' पाच असताना 'आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय' किती? बारा म्हणालात तर गुण, तेरा म्हणालात तर घरी जा. अहो, एकाच चलाला एका राशीत असे दोनदा बदलले तर निकाल काय, हे सीच्या प्रमाणकाने ठरवलेलेच नाही. कंपाइलरने काहीही द्यावे. मग पोर पाठ काय करते? सरांच्या संगणकावर आलेला आकडा.

कोपर स्थानकात दिवा-वसई मार्गाचा वरचा फलाट नवख्याला लवकर सापडत नाही. पण तो असतो, आणि तिथे गाडी येते. 'आय प्लस प्लस'च्या त्या प्रश्नाला वरचा फलाटच नाही, आणि आपण मुलांना जिने चढायला लावतो. समोरच्याला पाडणे म्हणजेच हुशारी, हे ती आपल्याकडूनच शिकली. त्या शून्य-ओच्या माळेबद्दल एकट्या त्या मुलाला का बोलू?

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांनो, येत्या सत्रात तो प्रश्न गाळा. त्या जागी वेस्टलीचे वर्तुळ छापा आणि व्यास दुप्पट केला तर उत्तर का सुधारते, ते विचारा.