लय फळ्यावरची आणि कॅनव्हासवरची

1857 साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण कांदिवलीहून गाडी धरून तिथे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती काय पडणार, हे पाहायला हवं. विद्यापीठ म्हटलं की विचाराचा पेपर होतो, ही आमची भीती.

मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम मांडले: संवाद, विरोध, समतोल. आम्ही तत्त्वज्ञानवाले ते फळ्यावर लिहितो, मुलं पाठ करतात आणि शेजारच्या वर्गात रंग कालवताना विसरतात. तांबड्याशेजारी हिरवा लावला की तांबडा पेटतो. विरोध डोळ्यांनाच कळतो. समतोल कुठे साधला, हे सांगायला मात्र शब्द लागतात.

दुसरं टोकही पाहा. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 पासून विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यातून हात तयार झाला, खरं; पण रेषा अशीच का वळते, हा प्रश्न नुसत्या नकलेने सुटत नाही. तो विचारावाच लागतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, सौंदर्यशास्त्राचा तास कॅनव्हाससमोर घ्या. सिद्धान्त चित्रावर तपासा. चित्राने तो खोटा पाडला, तर मार्क कापू नका. सिद्धान्त दुरुस्त करा.