खेळातला मठ आणि खेळातले धर्मगुरू

ज्या संगणकीय खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वतःकडे घेतो, त्याच्या वतीने बोलतो, निर्णय करतो आणि त्या निर्णयांची फळे भोगतो, त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही त्यास भूमिकाखेळ म्हणू. या प्रकाराचा जन्म संगणकावर नव्हे, तर मेजाभोवती झाला. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात भूमिका तीनच होत्या : योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. धर्मगुरूला धारदार शस्त्र वर्ज्य होते; गदा मात्र चालत असे. रक्त सांडू नये, हाडे मोडली तर हरकत नाही, असा हा अजब संयम!

तेव्हापासून धर्म या खेळांत आहेच. पण तो कोणत्या रूपात? १९८६ साली सुरू झालेल्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेच्या पुढील खेळांत गावोगावी चर्च असते. तेथे सोन्याची नाणी मोजून मेलेला सोबती उठवून घ्यावा, खेळाची नोंद करावी आणि वाटेला लागावे. ‘फायनल फँटसी’ मालिकेतील २००१ च्या दहाव्या खेळात धर्मसंस्था हीच असत्याची मुख्य रखवालदार ठरते. एक तर दवाखाना, नाही तर कारस्थानाचा अड्डा. या दोहोंच्या मधला जो प्रदेश – घंटानाद, उपवास, सणवार, शेजाऱ्याच्या मृत्यूनंतरची मिस्सा, मठाला द्यायच्या खंडावरून होणारी कुरबुर – तो पडीकच राहिला. नावीन्य हवे म्हणून खेळकर्ते अंतराळात जातात, पाताळात उतरतात. सामान्य गावाच्या वेशीत शिरणारे विरळा. ‘किंग्डम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) या १४०३ च्या बोहेमियातील खेळात नायक सझावा येथील मठात नवदीक्षित होऊन प्रार्थनेच्या आणि कामाच्या वेळा पाळतो खरा, पण तो एका गुन्हेगाराच्या शोधार्थ तेथे गेलेला असतो. मठ तेथे मुक्कामापुरता.

म्हणून २०२२ सालच्या ‘पेंटिमेंट’कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ऑब्सिडियन या अमेरिकन संस्थेने तो निर्माण केला. दिग्दर्शक जॉश सॉयर. स्थळ बव्हेरियातील तासिंग हे कल्पित गाव आणि त्याला लागून असलेला कियर्साऊ हा बेनेदिक्ती मठ. काळ १५१८ ते १५४३. नायक आंद्रेयास मालर हा हस्तलिखिते रंगविणारा तरुण चित्रकार. मठात एका उमरावाचा खून होतो आणि आळ येतो आंद्रेयासचे गुरुतुल्य वृद्ध चित्रकार ब्रदर पिएरो यांच्यावर. त्यांना वाचवायचे तर खरा अपराधी दाखवून द्यावा लागणार.

नायकाच्या हाती तलवार नाही. त्याचे साधन म्हणजे पंगत. दिवस प्रार्थनेच्या प्रहरांनी मोजला जातो आणि प्रत्येक भोजनवेळी एकाच घरी जेवता येते. शेतकऱ्याच्या घरी भाकरी मोडावी तर मठातील भोजनगृहातले बोलणे कायमचे हुकते. पंगतीत जे कळते ते भांडून कळत नाही, हे ज्याने घरोघर भेटी दिल्या आहेत त्यास सांगायला नको. अक्षरांचाही येथे अर्थ आहे. मठवासींचे बोलणे जाड गॉथिक वळणात उमटते, शेतकऱ्यांचे साध्या धावत्या अक्षरांत, मुद्रकाच्या घरचे छापील खिळ्यांत. परमेश्वराचे नाव येते तेथे आधी जागा कोरी राहते. मग ते तांबड्या शाईने भरले जाते.

परंतु या खेळाचे खरे बळ पुढेच आहे. मुदत संपते, आर्चडीकन न्यायाला बसतो आणि अपुऱ्या पुराव्यावर आपण एकाचे नाव घेतो. त्या माणसाला देहदंड होतो. खून खरोखर त्यानेच केला काय, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही! सात वर्षांनी, १५२५ च्या शेतकरी बंडाच्या सुमारास, आंद्रेयास परत येतो तेव्हा गाव ते विसरलेले नसते. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते. साक्ष खरी की खोटी हे स्वतः साक्षीदारालाच ठाऊक नसेल तर काय, या प्रश्नापुढे ‘पेंटिमेंट’ आपल्याला उभे करतो. इतर खेळांत चूक झाली की मागील नोंदीपासून पुन्हा सुरुवात करायची सवय मुलांना असते. येथे मागे फिरायची वाट जवळजवळ बुजविली आहे. पेंटिमेंट म्हणजे चित्रावरील रंग झिजल्यावर खालून डोकावणारी चित्रकाराची मूळ, बदललेली रेषा. ज्या इटालियन शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ पश्चात्ताप.

आता आमची तक्रार. (ज्यांना खेळ स्वतः खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) सर्व खुनांमागील सूत्रधार अखेर निघतात ते गावचे धर्मगुरू फादर थॉमस. ज्या संतांवर गावाची भक्ती, त्यांच्या कथा मुळात मार्स आणि डायाना या रोमन दैवतांच्या, हे उघड झाले तर लोकांची श्रद्धा कोसळेल, या भयाने ते चिठ्ठ्या पाठवून माणसांना माणसांवर घालतात. इतका वेळ नवी वाट चाललेला लेखक येथे मळलेल्या वाटेवर आला, असे आम्हास वाटते. तथापि ते भय मात्र खोटे नाही. ते आम्हा धर्मगुरूंच्या ओळखीचे आहे. खेळात न आलेला त्याचा इतिहास असा की, संतचरित्रांतील दंतकथा पारखण्याचे काम ख्रिस्तसभेतच झाले. जाँ बोलाँ या येशूसंघीयाच्या देखरेखीखाली ‘आक्ता सांक्तोरुम’चे पहिले खंड १६४३ साली निघाले, आणि १९६९ च्या दिनदर्शिकेत संत क्रिस्टोफरचा सण सार्वत्रिक यादीतून वगळून स्थानिक परंपरेवर सोपविला गेला. श्रद्धा कोसळली नाही. एखाद्या फादर थॉमसला हे सांगणारा दुसरा धर्मगुरू त्या गावात असता तर नाट्य अधिक गहिरे झाले असते. आंद्रेयासच्या मनातही सॉक्रेटिस, दान्तेची बेआत्रिचे आदींचा दरबार भरतो. तेथे वादविवाद पुष्कळ, प्रार्थना थोडी.

खेळात मृत्यू, सूड आणि व्यभिचाराचे उल्लेख आहेत. लहानांसाठी तो नाही. मोठ्या मुलांसोबत आईवडिलांनी बसावे, आणि कोणाचे नाव घ्यावे यावर घरात वाद होऊ द्यावा.

अशी पडीक जमीन आपल्याकडेही आहे. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. अक्षराच्या वळणावरून माणूस ओळखणाऱ्या खेळाला याहून चांगली छपाईशाळा कोठे मिळणार? आणि १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज गलबतांत चढले, येथील ख्रिस्ती कुटुंबे मात्र आपापल्या शेतावाड्यांत राहिली. जावे की राहावे, याची प्रत्येक घरातील रात्र कशी गेली असेल!