करार आहे, पण किल्ली कोणाकडे?

डेन्मार्कमधील हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळांत मुलांचे काम गूगलच्या क्लाउड सेवेवर, म्हणजे कंपनीच्या दूरवरच्या संगणकांवर, साठवले जात असे. जुलै २०२२मध्ये तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने हा वापर थांबवण्याचा आदेश दिला. नगरपालिकेने धोके नीट तपासले नव्हते. शिवाय तांत्रिक मदतीच्या निमित्ताने मुलांची माहिती युरोपबाहेर पोचू शकत होती आणि तेथे तिला आवश्यक ते संरक्षण नव्हते. सप्टेंबरमध्ये ही बंदी तात्पुरती स्थगित झाली. नगरपालिकेचा कंपनीशी करार होता. मग उणीव कोठे राहिली?

युरोपीय संघाच्या कायद्याचे तत्त्व चांगले आहे. माहिती संघाबाहेर गेली, तरी संरक्षण तिच्याबरोबर गेले पाहिजे. त्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक तर त्या देशातील संरक्षण पुरेसे असल्याचे युरोपीय आयोगाने ठरवायचे, किंवा माहिती देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ठरावीक कलमांचा करार करायचा.

पहिली वाट दोनदा खचली. अमेरिकेसाठी २००० साली केलेली व्यवस्था संघाच्या न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केली, आणि २०१६ची दुसरी व्यवस्था २०२०मध्ये. दोन्ही खटल्यांचे मूळ मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन तरुणाच्या तक्रारीत होते. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांना परदेशी नागरिकांची माहिती फार सहज मिळते, हा मूळ आक्षेप. २०२३मध्ये तिसरी व्यवस्था आली. तिचा मुख्य आधार अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२२मध्ये काढलेला आदेश आहे. सप्टेंबर २०२५मध्ये तिच्याविरुद्धची एक याचिका संघाच्या कनिष्ठ न्यायालयाने फेटाळली. पण एका अध्यक्षाने काढलेला आदेश दुसरा अध्यक्ष मागे घेऊ शकतो.

दुसऱ्या वाटेची अडचण अधिक मूलभूत आहे. करार कंपनीला बांधतो, परक्या सरकारला नाही. म्हणून पलीकडचा कायदा कसा आहे हे माहिती पाठवणाऱ्यानेच तपासावे, असे न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले. एखाद्या शाळेने अमेरिकेच्या हेरगिरीविषयक कायद्यांचा अभ्यास करायचा, ही अपेक्षा अवास्तव आहे. साठा युरोपातच ठेवूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यानुसार कंपनीच्या ताब्यातील माहिती कोणत्याही देशात असली, तरी ती मागता येते.

मग उपाय काय? माहिती सांकेतिक रूपात बदलून ठेवली आणि ती उलगडण्याची किल्ली फक्त आपल्याकडे राहिली, तर साठवणाऱ्याकडे देण्याजोगे काही उरत नाही. परंतु क्लाउड सेवेचा उपयोग केवळ साठवणुकीपुरता नसतो. उत्तरपत्रिका तपासायची, गुणांची सरासरी काढायची, तर संगणकाला बहुधा उलगडलेली माहितीच लागते. अशा वेळी कोणताही परिणामकारक तांत्रिक उपाय आपल्याला दिसत नाही, अशी कबुली युरोपच्या माहिती-संरक्षण मंडळाने २०२१च्या शिफारशींत दिली आहे. कायद्याचा खरा दुबळेपणा येथे आहे. जे तंत्राने साधत नाही, ते कागदावर साधल्याचे तो मानतो.

भारताच्या २०२३च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे. केंद्र सरकार ज्या देशांवर निर्बंध घालील, ते सोडून इतरत्र माहिती पाठवता येते. म्हणून शाळेत नवी सेवा घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: किल्ली कोणाकडे राहणार? आणि मुलांची एवढी माहिती मुळात गोळा करायची गरज आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वकील लागत नाही.