रामशेज की रामसेज?

नाशिकहून पेठकडे जाताना आशेवाडीजवळ जो किल्ला दिसतो, त्याचे नाव मराठीत रामशेज. उर्दूत लिहायची वेळ आली की अडचण येते. सातपूरला सातवीच्या वर्गात फळ्यावर किल्ल्यांची नावे लिहीत असताना एका मुलीने विचारले, "टीचर, सीन या शीन?" मी सीन लिहून मोकळी झाले. घरी आल्यावर मात्र प्रश्न मनात राहिला.

कारण थोड्याच दिवसांपूर्वी एका पुस्तिकेत वाचले होते की, 'रामसेज' हे मुसलमान तवारीखकारांनी बिघडवलेले नाव आहे. हा आरोप तपासून घेतला पाहिजे. शेज आणि सेज हे दोन्ही शब्द संस्कृत 'शय्या'पासून आलेले. मराठीने श ठेवला, हिंदी-उर्दूने स घेतला. आपल्याकडे फुलांची सेज म्हणतात, त्यात कोणाला बिघाड दिसत नाही. फारसी लिहिणाऱ्याने 'राम' जसाच्या तसा ठेवला आणि पुढचा शब्द आपल्या ओळखीच्या रूपात लिहिला, एवढेच. इंग्रजांच्या 1883 च्या नाशिक गॅझेटिअरातही 'रामसेज'च आहे. त्यांना कोणी दोष दिलेला माझ्या वाचनात नाही.

लिपीचाही यात हात आहे. सीनवर तीन नुक्ते दिले की शीन होतो, आणि हस्तलिखितांत नुक्ते गाळणे ही नेहमीची गोष्ट. शिवाय शब्दाच्या मधला 'ये' ईसुद्धा वाचता येतो आणि एसुद्धा. कुठे 'रामसीज' दिसले तर तो निव्वळ वाचनातला घोटाळा समजावा आणि ते रूप सोडून द्यावे.

या किल्ल्याला मोगलांनी 1682 मध्ये वेढा घातला आणि तो काही वर्षे चालला. त्याची हकिगत खाफीखानाने 'मुन्तखबुल्लुबाब'मध्ये दिली आहे. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा आतल्या लोकांनी लाकडाच्या तोफा करून काम भागवले, हे त्याने लपवलेले नाही. शत्रूची हिकमत जो लेखक अशी नोंदवतो, त्याने एका अक्षरात कपट केले असेल हे मला पटत नाही. पुस्तिकेच्या लेखकाने मूळ हकिगत वाचली असती तर कदाचित असे लिहिले नसते.

तरीही माझे मत शीनच्या बाजूचे आहे. आशेवाडीची माणसे शेज म्हणतात. आपल्या मुलांनी उर्दूत लिहितानाही तेच लिहावे. खाफीखानाचा उतारा देताना मात्र त्याचा सीन तसाच ठेवावा, तो दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी तीन नुक्ते दिले. ती मुलगी लगेच म्हणाली, "तो कल का गलत था?" मी गलत नव्हते म्हणाले. तिच्या वहीतला सीन मी खोडायला लावला नाही.