वर्धा नदी आणि बोलींची सीमा

विदर्भातील मराठीचे वऱ्हाडी आणि नागपुरी असे दोन भेद मानण्याची प्रथा आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या दोहोंना एका गटात ठेवूनही स्वतंत्र नावे दिलेली आहेत. त्या प्रचंड कार्याचे ऋण मान्य करूनही या विभागणीची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

या परीक्षेस तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव सोयीचे आहे. नागपूर-अमरावती मार्गावरील हे गाव वर्धा जिल्ह्यात मोडते. पश्चिमेस थोड्याच अंतरावर वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, म्हणजे वऱ्हाड, लागतो. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा पूर्वतीर नागपूरकर भोसल्यांकडे होता. राज्याची सीमा नदी होती हे खरे. परंतु बोलीची सीमाही तीच, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘डोया’ ही रूपे दोन्ही तीरांवर ऐकू येतात.

दुसरा आक्षेप पद्धतीविषयी आहे. सर्वेक्षणातील नमुने बहुधा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळविले गेले आणि त्यांत उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर मुख्य होते. अशा कथेत भूतकालीन निवेदनच अधिक. सोबतच्या यादीत चालू क्रियेची वाक्ये होती. तथापि समोर ठेवलेल्या वाक्याचे भाषांतर करणारा सहजच ग्रांथिक वळणाकडे झुकतो. नित्याच्या बोलण्याचा स्वभाव अशाने निसटण्याचा संभव असतो.

‘तो जेवून राहिला’ हे वाक्य पाहावे. पुण्याच्या श्रोत्यास तो जेवण आटोपून मागे थांबला असे वाटेल. येथील माणूस मात्र ‘तो आत्ता जेवत आहे’ एवढेच सांगत असतो. ही चूक नव्हे. क्रिया चालू असल्याचे दाखविणारी ती नियमबद्ध रचना आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. मुलाच्या वहीतील ‘मले’ या शब्दाखाली शिक्षक तांबडी रेघ ओढून ‘अशुद्ध’ असे लिहितो, तेव्हा तो मुलाच्या आईचीच भाषा चुकीची ठरवितो. ‘प्रमाण लेखनात येथे मला असे लिहितात’ एवढे सांगणे पुरेसे आहे.

म्हणून नदीच्या दोन्ही तीरांवरील शेतांत, बाजारांत आणि घरांत चालणारे संभाषण प्रथम ध्वनिमुद्रित करावे आणि नंतर रेषा आखावी. नकाशा आधी काढून बोली त्यात बसविणे हे शास्त्र नव्हे.