खेळायचे की मांडून ठेवायचे? : स्वस्त इलेक्ट्रॉनिक ॲक्शन फिगरचे मूल्यमापन

चित्रपटातील पात्राची बोलणारी, चमकणारी फिगर दुकानात दिसली की आपण दोनच गोष्टी पाहतो : चेहरा जमला आहे का आणि बटण दाबल्यावर आवाज येतो का. अभियंत्याला एवढ्यावर थांबता येत नाही. या पाठात आपण हॅस्ब्रो कंपनीच्या टायटन हिरो पॉवर एफएक्स मालिकेतील आयर्न मॅन हे उदाहरण घेऊ आणि अशा स्वस्त वस्तूची समीक्षा कशी करावी ते पाहू. २०१८ च्या ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ या चित्रपटाच्या सुमारास ही मालिका बाजारात आली. फिगरची उंची १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर. पाठीवर एक खाच असून तिच्यात आवाज करणारा पॅक बसतो.

१. रचनेतील मुख्य निर्णय

या मालिकेत इलेक्ट्रॉनिक्स फिगरच्या पोटात नाही, पाठीवरच्या पॅकमध्ये आहे. खर्चाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय आहे. स्पीकर, सेल आणि चिप एकदाच विकत घ्यायची आणि खाच असलेल्या इतर फिगरना तोच पॅक लावायचा. चार फिगर असतील तर चार सर्किटे लागत नाहीत आणि पुढे टाकून द्यावा लागणारा ई-कचराही कमी होतो. पॅक बिघडला तरी फिगर खेळण्याजोगी राहते, हा आणखी एक फायदा.

पण त्याची किंमत मोजावी लागते. कपाटात मांडलेल्या फिगरच्या पाठीवर पॅक असेल तर बाजूने पाहताना तिचा आकार बिघडतो. पॅक काढला तर ती मुकी होते. म्हणजे खेळ आणि मांडणी या दोन गरजांपैकी रचनाकाराने खेळाची बाजू घेतली आहे. समीक्षा करताना पहिला प्रश्न हाच विचारा : ही वस्तू कोणाची बाजू घेते?

२. वीज पात्राला शोभते का?

स्वस्त स्पीकर जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर व्यासाचा असतो. पुरुषी आवाजाची मूळ वारंवारता साधारण ८५ ते १८० हर्ट्झ असते आणि इतका छोटा स्पीकर ती नीट उमटवू शकत नाही. म्हणून हल्कची गर्जना अशा खेळण्यात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते. आयर्न मॅन मात्र चित्रपटातही शिरस्त्राणाच्या आतून बोलतो, त्यामुळे तोच पातळ आवाज त्याला खपून जातो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील आर-टू-डी-टू तर शिट्ट्या आणि किलबिल यांतच बोलतो, म्हणून तो स्वस्त स्पीकरमधूनही जवळजवळ अस्सल वाटतो.

यावरून एक कसोटी मिळते : मूळ पात्र जितके यंत्रासारखे, तितके स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स त्याला साजते. आमच्या चेन्नईत घडलेल्या ‘एंधिरन’ (२०१०) मधील चिट्टी रोबोचा विचार करा. त्याच्या धातूच्या सांगाड्याची चमकणारी फिगर छान जमेल. पण चिट्टीची खरी जादू रजनीकांत यांच्या चेहऱ्यात आणि चालण्यात आहे. ती बटणाने येणार नाही.

३. थोडे गणित

आवाज ८ किलोहर्ट्झने नमुने घेऊन, प्रत्येक नमुन्याला ४ बिट देऊन साठवला, तर एका सेकंदाला ३२ किलोबिट, म्हणजे ४ किलोबाइट लागतात. २० सेकंदांचे संवाद ८० किलोबाइटमध्ये मावतात. म्हणून दहा-पंधरा वाक्ये ‘जास्त’ असणे ही फार मोठी मेहेरबानी नव्हे, स्मृती स्वस्त आहे. महाग पडतात ते सेल.

या वर्गातील अनेक खेळण्यांत एलआर४४ हे बटण सेल असतात. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणून १.५ व्होल्टचे तीन सेल घालतात. एका सेलची क्षमता १२० मिलिॲम्पिअर-तास धरा. बटण दाबल्यावर ३ सेकंद ५० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो असे धरा. एका दाबाला सुमारे ०.०४२ मिलिॲम्पिअर-तास खर्च होतात. कागदावर हे सेल जवळपास २,८८० वेळा पुरतील. प्रत्यक्षात बटण सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो, जास्त प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळते आणि पात्र अर्ध्या वाक्यात गप्प होते. त्याच जागी १,००० मिलिॲम्पिअर-तासांचे एएए सेल असतील तर आयुष्य आठपटीहून अधिक वाढते.

आता मांडणीचा विचार करा. बंद करायचे वेगळे बटण नसेल आणि चिप झोपेतही ५ मायक्रोॲम्पिअर घेत असेल, तर वर्षात ४४ मिलिॲम्पिअर-तास जातात. म्हणजे हात न लावताही सेलची एक तृतीयांशाहून अधिक क्षमता संपते. पुढे तो सेल गळतो आणि चेन्नईच्या दमट, खारट हवेत संपर्कपट्ट्या हिरव्या पडतात. मांडून ठेवायची फिगर असेल तर सेल काढूनच ठेवा.

४. न बोलणाऱ्या फिगरशी तुलना

टायटन हिरो फिगरला हालणारे सांधे पाच : मान, दोन खांदे, दोन खुबे. कोपर नाही, गुडघा नाही. आता चेन्नईच्या एमआरएफ समूहातील फनस्कूल कंपनीने गोव्यात बनवलेले जी. आय. जो आठवा. तुमच्या घरातील मोठ्यांनी ते हाताळले असतील. पावणेचार इंचांची ती फिगर कोपरात, गुडघ्यात वाकत असे आणि कमरेत रबरी कडीवर वळत असे. सेल एकही नव्हता. तिला बसवता येत असे, रांगवता येत असे, गाडीत घालता येत असे. बोलायचे काम मूलच करत असे.

बोलणाऱ्या फिगरवरचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ठरावीक वाक्ये ऐकून झाली की कुतूहल संपते. सांध्यांमुळे मात्र रोज नवा प्रसंग रचता येतो. तेवढ्याच पैशांत रचनाकाराला आवाज आणि गुडघा यांपैकी एकच देता येत असेल, तर आवाज दुकानात विक्री वाढवतो आणि गुडघा घरी खेळ वाढवतो.

५. ज्यावर तडजोड नाही

बटण सेल गिळला गेला तर ओल्या अन्ननलिकेत त्याचा प्रवाह चालू होतो, ऋण अग्रापाशी अल्क तयार होते आणि ऊती भाजतात. मोठ्या लिथियम सेलने दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद असलेच पाहिजे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. पॅरीज कॉर्नरच्या गर्दीत असो वा तुमच्या गावच्या जत्रेत, चिन्ह नसलेली हुबेहूब नक्कल निम्म्या किमतीत मिळते. चेहरा जुळला तरी झाकण नखाने उघडत असेल, तर इतर सर्व गुणांना शून्याने गुणा. घरात लहान भावंड असेल तर हा मुद्दा गुणपत्रिकेतला एक रकाना नाही, तो प्रवेशाची अटच आहे.

६. निष्कर्ष

पॉवर एफएक्स आयर्न मॅन हे प्रामाणिक खेळणे आहे. मोठा आकार, पकडायला सोपे हातपाय, काढता येणारा पॅक आणि पात्राला शोभणारा आवाज ही त्याची बलस्थाने. संग्राहकासाठी मात्र ते मध्यम आहे : सांधे कमी आणि पाठीवर खाच. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी घ्या. वसतिगृहातील टेबलावर ठेवायला घेत असाल, तर तेवढ्याच पैशांत अधिक सांध्यांची मुकी फिगर शोधा.

स्वाध्याय

१. घरातील कोणतेही बोलणारे खेळणे घ्या. झोपेतील आणि चालू असतानाचा प्रवाह मल्टिमीटरने मोजा आणि सेलचे आयुष्य काढा.
२. त्याच खेळण्याचे ‘खेळ’ आणि ‘मांडणी’ या दोन वापरांसाठी वेगवेगळे मूल्यमापन लिहा. दोन्ही निष्कर्ष सारखेच आले, तर कोणता निकष सुटला ते शोधा.