गच्चीवरचे ऊन आणि कागदावरचे ऊन
(घरगुती सौर वीजसंचाच्या एका प्रस्तावाचे परीक्षण)

पुणे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी काही काळापूर्वी आमच्याकडे चार पानांचा एक कागद पाठवला. घराच्या गच्चीवर सौर वीजसंच बसवण्यासाठी एका विक्रेत्याने त्यांना दिलेला तो प्रस्ताव होता. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिले होते : "पतपेढीतून कर्ज काढावे लागेल. सही करण्यापूर्वी एकदा नजर टाका."

आम्ही नजर टाकली. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कागदाचे परीक्षण करावे, असे तेव्हा वाटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे असे कागद आता घरोघरी येतात आणि गावात असा कागद आला की लोक तो घेऊन शाळेतल्या मास्तरांकडे किंवा बाईंकडे जातात. तो कसा वाचावा हे शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

प्रस्तावात काय होते?

विक्रेत्याचे नाव आम्ही देत नाही. या प्रकारचे जे इतर कागद आमच्या पाहण्यात आले, त्यांच्यापेक्षा हा काही वाईट नव्हता. पहिल्या पानावर हिरवे शेत आणि उगवता सूर्य. दुसऱ्या पानावर संचाचे वर्णन : ३ किलोवॅट क्षमता, ५४० वॉटची सहा पॅनेल, प्रत्येकी तिघांच्या दोन ओळी. तिसऱ्या पानावर हिशेब : रोज १५ युनिट, वर्षाला ५,४७५ युनिट, दर युनिटला १२ रुपये, म्हणून वर्षाला ६५,७०० रुपयांची बचत. किंमत १ लाख ८० हजार, त्यातून ७८ हजारांचे सरकारी अनुदान वजा जाता १ लाख २ हजार. म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल! चौथ्या पानावर "जागेची पाहणी : गच्ची सावलीमुक्त" अशी एक ओळ, आणि खाली ठळक अक्षरांत "वीज जाण्याच्या त्रासातून कायमची सुटका".

अनुदानाचा आकडा बरोबर आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे एकूण ७८ हजार रुपये या योजनेत मिळतात. उरलेल्या प्रत्येक विधानाकडे मात्र थोडे थांबून पाहावे लागते.

पाहणी केव्हा केली?

शिक्षकांना आम्ही पहिला प्रश्न विचारला तो हा. उत्तर आले : मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. मेच्या मध्यावर सूर्याची क्रांतीही तेवढीच होते आणि मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण जो मुलांना दाखवतो, तो हाच. पुण्यात घड्याळाप्रमाणे तेव्हा साधारण साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे ज्या वेळी कोणत्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच पडते, नेमकी ती वेळ साधून सावली शोधली गेली. "सावलीमुक्त" हे विधान त्या अर्ध्या तासापुरते अगदी खरे होते.

आता २२ डिसेंबर घ्या. त्या दिवशी मध्यान्हीला पुण्यात सूर्याची उंची ९० − १८.५ − २३.५ = ४८ अंश. एक मीटर उंच काठीची सावली ९० सेंटिमीटर पडेल. सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य २९ अंशांवर आणि आग्नेयेला असतो. तेव्हा त्याच काठीची सावली सुमारे १.८ मीटर लांब, वायव्येकडे पडते.

या घराची गच्ची दक्षिणोत्तर ९ मीटर आणि पूर्वपश्चिम ६ मीटर आहे. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी. दोन्ही मिळून उंची साडेतीन मीटर. डिसेंबरातल्या सकाळी साडेनऊला टाकीची सावली सहा मीटरांहून लांब असेल. खोलीच्या भिंतीपासून ती उत्तरेकडे सुमारे ४.२ मीटर आणि पश्चिमेकडे सुमारे ४.७ मीटर जाईल. खोलीने अडीच मीटर व्यापलेले आहेत. म्हणजे गच्चीच्या उत्तर टोकाची सव्वादोन मीटरांची पट्टीच काय ती त्या वेळी सावलीपासून निर्धोक. प्रस्तावातली पॅनेलांची दक्षिणेकडची ओळ थंडीतल्या सकाळी सावलीत सापडते.

थोड्या सावलीने एवढे काय बिघडते?

पॅनेलचा दहावा भाग झाकला तर वीजही दहा टक्केच कमी होईल, असा आपला सहज समज असतो. तो चुकीचा आहे. पॅनेलमधील सिलिकॉनचे घट एकसर जोडणीत असतात. बागेतल्या रबरी नळीला एका ठिकाणी चिमटा काढला की सगळ्या नळीतला प्रवाह मंदावतो. तसाच एक घट सावलीत गेला की त्याच्या ओळीतला विद्युतप्रवाह त्या घटाच्या मर्यादेवर येतो. शिवाय उन्हातल्या घटांची ऊर्जा त्या घटात उष्णतेच्या रूपाने खर्च होऊन तो तापतो. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये बहुधा तीन 'बायपास डायोड' बसवलेले असतात. ते सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. पण त्यामुळे तळहाताएवढी सावलीसुद्धा पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पाडू शकते.

म्हणून पॅनेलचा कल १८ अंश की २० अंश, यावर अर्धे पान खर्च करणारा प्रस्ताव चुकीच्या गोष्टीची काळजी करतो. कलात दहा अंशांची चूक झाली तरी वर्षाच्या बेरजेत एकदोन टक्क्यांचाच फरक पडतो. टाकीच्या सावलीचा विचार न करणे त्याहून कितीतरी महाग पडते.

पंधरा युनिट कुठून आली?

३ किलोवॅट गुणिले ५ तास बरोबर १५. गुणाकार बरोबर, भौतिकशास्त्र अपुरे. पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते : दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. आपल्या गच्चीवर उन्हाळ्याच्या दुपारी घटाचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाते आणि २५ अंशांच्या वर दर अंशामागे क्षमता सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. चाळीस अंशांचे १४ टक्के झाले. त्यात धूळ, पक्ष्यांची विष्ठा, तारांमधील आणि इन्व्हर्टरमधील घट मिळवा. सगळे धरून हाती सुमारे पाऊण हिस्सा राहतो.

कलत्या पॅनेलवर पडणारे ऊन वर्षाच्या सरासरीने दिवसाला ५.३ 'पूर्ण तास' धरू. ३ × ५.३ × ०.७५ = ११.९ युनिट. एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट हा जो सरकारी ठोकताळा आहे, त्याच्याशी हे जुळते. दक्षिणेकडच्या ओळीवरील सावलीपायी आणखी दहा टक्के वजा केले तर १०.७ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे ३,९००. प्रस्तावातील ५,४७५ शी याची तुलना करा.

ही सरासरीही बारा महिने सारखी नसते. एप्रिल-मेमध्ये भरपूर वीज मिळते, जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच खाली येते आणि कोकणात आणखी खाली. यासाठी लागणारी माहिती काही गुपित नाही. सौर प्रारणाच्या मोजणीची केंद्रे आपल्या हवामान खात्याने आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) सुमारास उभारली. पुण्यात त्या खात्यात काम केलेल्या ॲना मणी यांनी ती आकडेवारी १९८० साली ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिली. आज जागतिक बँकेच्या 'ग्लोबल सोलर ॲटलास'मध्ये आपल्या गावावर बोट ठेवले की महिनावार आकडे फुकट मिळतात. प्रस्तावात महिनावार तक्ता नसेल तर तो आळस समजावा.

रुपयांचा हिशेब

या कुटुंबाचा वापर महिन्याला २०० युनिट, म्हणजे वर्षाला २,४००. प्रस्तावाने सर्व युनिटना वरच्या टप्प्याचा १२ रुपये दर लावला. पण आपले वीजबिल टप्प्याटप्प्याने वाढते. पहिली शंभर युनिटे स्वस्त, पुढची महाग. स्थिर आकार तर सौर संच लावला तरी भरावाच लागतो. तो सोडून शिक्षकांच्या बिलांवरून सरासरी काढली तर युनिटला सुमारे ९ रुपये पडले.

नेट मीटर पद्धतीत उन्हाळ्यात उरलेली युनिटे पुढच्या महिन्यांत वापरता येतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी जी शिल्लक राहील, तिला मात्र कमी दर मिळतो. आम्ही तो ३ रुपये धरला.

मग ३ किलोवॅटच्या संचाची बचत अशी : २,४०० × ९ = २१,६०० आणि उरलेली १,५०० × ३ = ४,५००, एकूण २६,१०० रुपये. गुंतवणूक १ लाख २ हजार. वसुलीला दीड वर्ष नव्हे, सुमारे चार वर्षे.

आता २ किलोवॅटचा, चार पॅनेलांचा संच घ्या. ही चार पॅनेले उत्तर टोकाच्या त्या निर्धोक पट्टीत एका ओळीत मावतात, म्हणून सावलीची घट नाही. २ × ५.३ × ०.७५ × ३६५, म्हणजे सुमारे २,९०० युनिट. बचत २१,६०० + १,५०० = २३,१०० रुपये. त्याच विक्रेत्याने विचारल्यावर दिलेली किंमत १ लाख २५ हजार. ६० हजार अनुदान जाता ६५ हजार. वसुली तीन वर्षांच्या आत.

दोन्हींची वजाबाकी केली की खरी गोष्ट दिसते. तिसऱ्या किलोवॅटसाठी ३७ हजार जास्त द्यायचे आणि वर्षाला ३ हजार जास्त मिळवायचे. म्हणजे वसुलीला बारा वर्षे, तीही कर्जाचे व्याज न धरता. तोपर्यंत इन्व्हर्टर बदलण्याची वेळही आलेली असेल. पुढे घरातील वापर वाढणार असेल तर हे गणित बदलेल. पण तसे कोणी विचारलेच नव्हते.

जे लिहिलेच नव्हते

वाऱ्याविषयी प्रस्तावात अक्षर नाही. सावली चुकवण्यासाठी लोखंडी सांगाडा उभारून पॅनेले उंच नेता येतात, पण मग वारा खालून शिरतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब मिळतो : दर चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन. ५४० वॉटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर, वजन सुमारे २८ किलो. त्यावरचा जोर होतो जवळजवळ २४० किलो वजनाएवढा. इमारतीची उंची, परिसर आणि सांगाड्याचा आकार यांनुसार हा आकडा कमीजास्त होईल. पण पॅनेल स्वतःच्या वजनाने जागेवर राहील अशा भ्रमात राहू नये. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळ अनुभवलेल्या रायगडकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. शिक्षकांची मुलगी बारावीत आहे. वीज गेली तरी तिचा अभ्यास अडू नये, हे कर्ज काढण्यामागचे मोठे कारण होते. पण बॅटरी नसलेला, वीजमंडळाच्या तारांना जोडलेला साधा संच वीज गेली की स्वतःही बंद होतो, भर उन्हातसुद्धा! दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराला आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी योजना असते आणि ती योग्यच आहे. रात्री तर प्रश्नच नाही. "कायमची सुटका" हे शब्द लिहिणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे.

आम्ही विक्रेत्याशीही बोललो. ते म्हणाले, "सगळे असेच लिहितात. मी अकरा युनिट लिहिली तर गिऱ्हाईक पंधरावाल्याकडे जाईल." यात तथ्य आहे. म्हणूनच सुधारणा गिऱ्हाइकाकडून, म्हणजे वाचणाऱ्याकडून सुरू व्हावी लागेल.

वर्गात काय करता येईल?

एक मीटरची काठी, चुना आणि घड्याळ एवढे साहित्य पुरे. २२ डिसेंबरच्या आसपास सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन वाजता शाळेच्या गच्चीवर सावल्या आखाव्यात. डिसेंबर दूर असेल तर पुठ्ठ्याची गच्ची आणि काड्यापेटीची टाकी करून विजेरीचा झोत ४८ आणि २९ अंशांतून टाकावा. मग मुलांना आपापल्या घराचे एक वर्षाचे वीजबिल आणायला सांगावे. त्रिकोणमिती, विद्युतप्रवाह आणि शेकडेवारी यांचे धडे एका कागदावर एकत्र येतील.

आणि कोणी प्रस्ताव घेऊन आलेच, तर पाच प्रश्न विचारावेत. डिसेंबरातल्या सावलीचा नकाशा कुठे आहे? महिनावार युनिटे किती? घट किती धरली? दर कोणत्या टप्प्याचा लावला? वीज गेल्यावर काय होईल?

सौर विजेच्या विरोधात आमचे काही म्हणणे नाही. आमच्या कंजूष हिशेबानेही या घरावरचा छोटा संच तीन वर्षांच्या आत पैसे फेडतो आणि पुढे वीसेक वर्षे वीज देत राहतो. हे खरे आकडे पुरेसे चांगले असताना ते फुगवण्याची गरजच काय? फुगवलेल्या आकड्यांनी फसलेला माणूस चार शेजाऱ्यांना "सोलरमध्ये काही अर्थ नाही" असे सांगत फिरतो आणि त्यात नुकसान सगळ्यांचेच होते.

शिक्षकांना आम्ही हे सारे लिहून पाठवले. त्यांनी चार पॅनेलांचा सुधारित प्रस्ताव मागवला आहे आणि मुलीच्या टेबलासाठी बॅटरीवर चालणारा एक दिवा विकत आणला आहे.